पाळीपाळीनं बोलणारे खांब

गोडी छाटणीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागायतदाराचा जीव पानात अडकलेला असतो. रात्री पान किती तास ओलं राहिलं यावर डावणी रोगाचा धोका ठरतो आणि त्यावर फवारणीचा खर्च. हल्ली काही बागांत मांडवाच्या वर डोकावणारा एक खांब दिसतो. त्यावर छोटं सौर पॅनेल, पर्जन्यमापक आणि पानाचा ओलावा मोजणारी एक चपटी पट्टी असते. काही खांबांत मोबाइलचं सिम असतं. मला कुतूहल आहे ते बिनसिमच्या खांबांचं.

हे खांब ‘लोरा’ नावाच्या रेडिओतून बोलतात. हे तंत्र ग्रनोबलच्या सायक्लिओ या फ्रेंच कंपनीनं घडवलं आणि २०१२ मध्ये अमेरिकेच्या सेमटेकनं ती कंपनी विकत घेतली. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा त्यासाठी परवान्याविना वापरता येतो. मोकळ्या शिवारात निरोप गोळा करणाऱ्या, काही किलोमीटरवरच्या गेटवेपर्यंत निरोप पोचतो, तोही खिशातल्या टॉर्चएवढ्या बॅटरीवर.

फुकट मात्र काहीच नाही. दूर ऐकू जायचं तर सावकाश बोलावं लागतं; त्यासाठी वेगाच्या पायऱ्या असतात. दहा बाइटचा निरोप जवळचा खांब सर्वांत वेगवान पायरीवर ६२ मिलिसेकंदांत उरकतो. सर्वांत संथ पायरीवर त्याच निरोपाला दीड सेकंद लागतो. तेवढा वेळ ती वाट, म्हणजे ती रेडिओ वारंवारता, अडलेली. त्याच वेळी, त्याच वाटेवर, त्याच पायरीवर दुसरा बोलला तर बहुधा दोन्ही निरोप मातीत. फार तर ज्याचा आवाज मोठा तो वाचतो.

मग कोणी कधी बोलायचं? साधा नियम हवाई बेटांवरचा. १९७१ मध्ये नॉर्मन अब्रॅमसन यांच्या ‘अलोहा’ नावाच्या रेडिओ जाळ्यात ज्याला वाटेल त्यानं वाटेल तेव्हा बोलावं अशी मुभा होती. पण या मोकळिकीत वाटेच्या क्षमतेपैकी जेमतेम १८ टक्केच कामी येते.

दुसरा मार्ग नाशिककरांच्या ओळखीचा आहे. बागलाणात मोसम आणि आरम नद्यांच्या काठी जुनी फड पद्धत होती. पाणी कोणत्या फडाला, कोणाच्या वावरात, हे पाटकरी बघणार. शेतकऱ्यानं स्वतः पाट फोडायचा नाही. खांबांनाही अशी पाळी लावून देता येते. अडचण घड्याळाची आहे. साधं स्फटिक घड्याळ लाखात दोन चुकलं, तरी दिवसाला पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो, म्हणजे संथ पायरीवरची आख्खी पाळी हुकली. ते जुळवायला गेटवेचा इशारा ऐकत राहावं लागतं आणि ऐकण्यात बॅटरी खर्ची पडते. शिवाय गेटवे स्वतः बोलत असताना सहसा बहिरा असतो. पाटकऱ्याला निदान डोळे होते!

गणित करून पाहू. ४० खांब, दर पंधरा मिनिटांनी एक निरोप, सगळे संथ पायरीवर, तीन वाटा. पाळी न लावताही शंभरात चारेक निरोपच वाया जातात. पानाच्या ओलाव्यासाठी एवढी गळती चालते. पुढचा निरोप पंधरा मिनिटांत येतोच. खांब ४०० झाले की मात्र तिसरा हिस्सा निरोप हरवतात. तेव्हा आधी जवळच्यांना वेगवान पायरीवर चढवावं, दुसरा गेटवे बसवावा आणि त्यानंतर वेळापत्रक आखावं. हा क्रम उलटा करणाऱ्यांना तंत्राचा सोस जास्त आणि बागेची काळजी कमी, असं माझं मत.

एक चूक मात्र लहान जाळ्यालाही बाधते: सगळ्या खांबांनी बरोबर तासाच्या ठोक्याला बोलणं. शाळेची घंटा झाल्यावर फाटकाशी होते तशी गर्दी. प्रत्येक खांबाच्या वेळेत काही मिनिटांचा मागेपुढे फरक ठेवला, तर ती टळते.

यंदा छाटणीआधी खांब घेणार असाल, तर विक्रेत्याला ‘किती किलोमीटर?’ एवढंच विचारू नका. आपल्या शिवारात एका गेटवेवर किती खांब आहेत, ते किती वेळानं बोलतात आणि गेल्या महिन्यात त्यांचे किती निरोप हरवले, हेही विचारा.