केजन म्हणजे तिखटजाळ नव्हे

केजन आणि क्रिओल या अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याच्या दोन खाद्यपरंपरा. ‘केजन म्हणजे तिखट’ हा त्यांच्याविषयीचा सर्वांत चिवट गैरसमज. फ्राइजवर लाल मसाला भुरभुरला की त्या ‘केजन’ होतात. मूळ स्वयंपाकावर हा सरळसरळ अन्याय आहे.

केजन हे मसाल्याचं नाव नाही, माणसांचं आहे. नोव्हा स्कोशियातल्या फ्रेंचभाषक अकेडियन लोकांना ब्रिटिशांनी १७५५ पासून घरादारातून हुसकावलं. त्यांतले बरेचजण पुढे दक्षिण लुइझियानाच्या दलदलीच्या मुलखात स्थिरावले. ‘अकेडियन’चंच पुढे ‘केजन’ झालं. त्यांच्या स्वयंपाकाचा पाया म्हणजे रू (तेलात भाजलेला मैदा) आणि कांदा, सेलरी, ढोबळी मिरची ही त्रयी. यातलं काहीही तिखट नाही. लाल मिरचीची पूड पडते, पण बहुतेक पदार्थांत बेतानेच. मसालेदार पाण्यात उकडलेले क्रॉफिश, म्हणजे कोळंबीसारखे कवचधारी जीव, खरोखर झणझणीत असतात, पण त्या एका पदार्थावरून सगळी परंपरा तिखट ठरत नाही.

गंबो या दाटसर रश्श्याची खरी कसोटी रू करतानाच लागते. मैदा आणि तेल जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर सतत हलवत भाजतात. रंग आधी बिस्किटाचा, मग शेंगदाण्याचा, शेवटी चॉकलेटचा होतो. त्याला पाऊण तासही लागतो. काळे ठिपके दिसले की मैदा जळला, सगळं टाकून पुन्हा सुरुवात. रू जितका गडद तितकी चव खोल, मात्र स्टार्च तुटत गेल्याने दाटपणा कमी. तो भरून काढायला भेंडी घालतात किंवा फिले, म्हणजे सॅसाफ्रासच्या वाळलेल्या पानांची पूड. फिले ही तिथल्या मूळ रहिवासी चॉक्टॉ लोकांची देणगी. ‘गंबो’ हा शब्दही, मेरियम-वेब्स्टर कोशानुसार, आफ्रिकेतल्या बांटू भाषांमधला आहे. त्याच कुळातल्या उम्बुंडू भाषेत त्याच्याशी जुळणारा शब्द भेंडीसाठी आहे. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचा हा वाटा ‘तिखट’ या एका शब्दाखाली गाडला जातो.

केजन आणि क्रिओल एकच, हेही चूक. क्रिओल स्वयंपाक मुख्यतः न्यू ऑर्लिन्स शहराचा, केजन खेड्यापाड्यांचा. क्रिओल जांबलाया (मसालेभातासारखा पदार्थ) टोमॅटोने लाल, केजन बहुधा तपकिरी. आज मात्र सीमारेषा पुसट झाली आहे.

‘ब्लॅकन्ड’ म्हणजे काळा केलेला मासा ही जुनी केजन परंपरा नव्हे. शेफ पॉल प्रूडोम यांनी १९८० च्या सुमारास न्यू ऑर्लिन्समध्ये तो लोकप्रिय केला. तो करपलेला नसतो. काळा थर लोणी आणि मसाल्याचा असतो.

क्रॉफिश समुद्रातले, हाही गैरसमज; ते गोड्या पाण्यातले. लुइझियानात ते भातखाचरांतही वाढवतात.

तिथे खाल्ल्या जाणाऱ्या कच्च्या कालवांवर हॉट सॉस किंवा लिंबू घातलं की जंतू मरतात, हा समज मात्र जिवावर बेतू शकतो. कालवांत असू शकणारे व्हिब्रिओ जिवाणू त्याने मरत नाहीत, असं अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन स्पष्ट सांगतं. यकृताचा विकार असलेल्यांनी कालवं पूर्ण शिजवूनच खावीत.