गायीच्या जंतूची लस, पण गायीलाच नाही

आपल्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर लहानपणी टोचलेल्या बीसीजी लसीचा वण असतो. क्षयरोगाला प्रतिबंध करणारी ही लस ज्या जिवाणूपासून तयार झाली, तो मूळचा माणसाचा नव्हे, गायीचा. फ्रान्समधील लील येथील पाश्चर संस्थेत आल्बेर काल्मेत आणि कामीय गेरँ यांनी १९०८ मध्ये गायीच्या क्षयाचा जिवाणू घेऊन काम सुरू केले. बैलाचे पित्त मिसळलेल्या बटाट्यावर तेरा वर्षांत २३० वेळा वाढवल्यानंतर त्याची रोग निर्माण करण्याची शक्ती नाहीशी झाली. १९२१ मध्ये ही लस प्रथमच एका अर्भकाला देण्यात आली. पुढे ती जगभरातील कोट्यवधी बालकांना मिळाली. गायींना मात्र सर्रास कुठेच दिली गेली नाही. असे का घडले, याचे उत्तर गायीची प्रतिकारशक्ती या रोगाशी कशी झुंजते, यात दडलेले आहे.

क्षयाचा जिवाणू गायीच्या शरीरात बहुधा श्वासावाटे शिरतो. फुफ्फुसात शिरलेल्या कोणत्याही जंतूला प्रथम सामोऱ्या जातात त्या भक्षक पेशी. या पेशी जंतूला गिळतात आणि पाचक द्रव्यांनी त्याचा नाश करतात. क्षयाच्या जिवाणूपुढे मात्र ही युक्ती नेहमी चालत नाही. त्याचे आवरण मेणचट असते. शिवाय गिळले गेल्यावर तो ज्या पोकळीत असतो, तिच्यापर्यंत पाचक द्रव्ये पोहोचू नयेत अशी व्यवस्था तो करतो. शत्रूला कैद करणारी पेशीच मग शत्रूचे आश्रयस्थान बनते.

पेशीच्या आत दडलेल्या जंतूपर्यंत रक्तातील प्रतिपिंडे पोहोचू शकत नाहीत. म्हणून येथे लढाईची सूत्रे टी-पेशींकडे जातात. त्यांपैकी गॅमा-डेल्टा या प्रकारच्या पेशी माणसाच्या रक्तात अल्प प्रमाणात असतात. वासरांच्या रक्तात मात्र त्यांचा वाटा बराच मोठा असतो. लागण झाल्यावर लवकर धावून येणाऱ्या पेशींत त्यांची गणना होते. टी-पेशी इंटरफेरॉन गॅमा नावाचे प्रथिन स्रवतात. हा भक्षक पेशींना मिळालेला जणू आदेशच असतो. त्यामुळे त्या अधिक आक्रमक होतात आणि गिळलेल्या जिवाणूंना मारू लागतात.

जे जिवाणू तरीही उरतात, त्यांची कोंडी केली जाते. त्यांच्याभोवती पेशींचे थरावर थर जमून गाठ तयार होते. तिचा मध्य मृत होऊन दह्याच्या चक्क्यासारखा घट्ट होतो, बाहेर तंतूंचे कुंपण पडते, कधी त्यात चुनाही साचतो. फुफ्फुसांत आणि छातीतील लसीका ग्रंथींत अशा गाठी आढळतात. ही तटबंदी टिकली तर गाय वर्षानुवर्षे धडधाकट दिसते, दूधही देते. ती ढासळली की जिवाणू मोकळे होतात आणि श्वासावाटे, क्वचित दुधावाटेही, बाहेर पडू लागतात.

वरून निरोगी दिसणारी अशी गाय ओळखायची कशी? तिच्या टी-पेशींच्या स्मरणशक्तीला प्रश्न विचारून. ट्युबरक्युलिन, म्हणजे जिवाणूपासून काढलेल्या प्रथिनांचा अंश, गायीच्या कातडीत टोचतात. पूर्वी या जंतूशी गाठ पडलेल्या टी-पेशी तेथे गोळा होतात आणि ७२ तासांनी कातडीची जाडी मोजली असता ती वाढलेली आढळते. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात याच तत्त्वावर रक्ताची चाचणी विकसित केली. तीत रक्तात ट्युबरक्युलिन मिसळून किती इंटरफेरॉन गॅमा तयार होते, हे पाहतात. माणसातील सुप्त क्षय शोधणारी रक्तचाचणी पुढे यातूनच आली. या चाचण्यांना एक मर्यादा मात्र आहे. रोग फार बळावलेल्या गायीची प्रतिकारशक्ती इतकी थकलेली असू शकते की तिची कातडी सुजतच नाही. अशा वेळी सर्वांत आजारी जनावरच निर्दोष ठरण्याचा धोका असतो.

बीसीजीची अडचण येथेच आहे. ही लसही टी-पेशींना तीच ओळख करून देते. त्यामुळे लस घेतलेली गाय कातडीच्या चाचणीत बाधित ठरू शकते. प्रगत देशांनी चाचणी करावी आणि बाधित जनावर मारावे, हा मार्ग स्वीकारला होता. ऑस्ट्रेलिया त्या मार्गाने १९९७ मध्ये या रोगापासून मुक्त झाला. चाचणी निरुपयोगी ठरवणारी लस तेथे कोणालाच नको होती.

भारतात तो मार्ग जवळजवळ बंद आहे. बहुतेक राज्यांत गायीच्या कत्तलीस कायद्याने मनाई आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून ही मनाई बैल व वळूंनाही लागू झाली. शिवाय दोन-चार जनावरांवर घर चालवणाऱ्या शेतकऱ्याला दुभती गाय गमावणे परवडत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने देशातील सुमारे सात टक्के, म्हणजे दोन कोटींहून अधिक गुरे बाधित असावीत, असा अंदाज मांडला होता.

आता या कोंडीतून वाट दिसू लागली आहे. प्रयोगशाळेतील त्या तेरा वर्षांत बीसीजीच्या जिवाणूने आपल्या जनुकांचा एक तुकडा गमावला होता. त्या तुकड्यावरून बनणारी प्रथिने रोगकारक जिवाणूत असतात, लसीत नसतात. चाचणीत ट्युबरक्युलिनऐवजी हीच प्रथिने वापरली, तर लस घेतलेली गाय आणि खरोखर बाधित गाय यांत फरक करता येतो. इथिओपियात झालेल्या आणि २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बीसीजीमुळे गुरांतील रोगप्रसार ८९ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. लस प्रत्येक गायीला संपूर्ण संरक्षण देत नाही. पण एकीकडून दुसरीकडे जाणारी साखळी ती तोडू शकते, आणि जेथे जनावर मारता येत नाही तेथे हेच मोलाचे ठरते.

ते साधेपर्यंत शहरातील ग्राहकाचे रक्षण करणारा उपाय जुनाच आहे. पाश्चरीकरणाने आणि उकळण्याने हा जिवाणू मरतो. गोठ्यातून थेट आलेले 'ताजे, कच्चे' दूध अधिक सकस, या समजुतीने ते न तापवता पिणाऱ्यांनी इतके तरी ध्यानात ठेवावे की, गाय तंदुरुस्त दिसते याचा अर्थ तिने शत्रूला संपवले आहे असा नव्हे. कदाचित तिने त्याला केवळ कोंडून ठेवले असेल.