दोन हार्ड डिस्क जोडताय? आधी ‘स्ट्राइप’ आणि ‘मिरर’मधला फरक समजून घ्या

मोबाईलचं स्टोरेज भरलं की आपण काय करतो? फोटो-व्हिडिओ कॉम्प्युटरवर टाकतो आणि फोन रिकामा करतो. मीही तेच केलं होतं. पीसीत १ टीबीच्या दोन जादा हार्ड डिस्क होत्या. स्पीड वाढतो असं ऐकलं आणि दोन्ही स्ट्राइप करून टाकल्या. आठ महिन्यांनी एक डिस्क बंद पडली आणि ताईच्या लग्नाचे सगळे फोटो गेले. दुसरी डिस्क धडधाकट होती, तरीही!

असं का झालं?

अनेक डिस्क जोडून एकच डिस्क असल्यासारख्या वापरण्याच्या पद्धतीला ‘रेड’ म्हणतात. हे नाव १९८८ साली अमेरिकेतल्या बर्कलेच्या तीन संशोधकांच्या शोधनिबंधामुळे रूढ झालं. आपल्या कामाचे प्रकार दोन:

स्ट्राइप (रेड ०): फाइलचे तुकडे करून ते दोन्ही डिस्कवर आळीपाळीने लिहिले जातात. दोन्ही डिस्क एकदम काम करतात म्हणून स्पीड मिळतो, जागाही पूर्ण २ टीबी. पण एक डिस्क गेली की दुसरीवर नुसते अर्धवट तुकडे उरतात. माझं हेच झालं.

मिरर (रेड १): जे सेव्ह कराल ते दोन्ही डिस्कवर जसंच्या तसं. जागा १ टीबीच मिळते, पण एक डिस्क गेली तरी डेटा शाबूत.

विंडोज १० किंवा ११ मध्ये मिरर कसा करायचा?

१. विंडोज असलेली डिस्क सोडून आणखी दोन डिस्क जोडा. त्यांवरचा सगळा डेटा पुसला जाणार आहे, आधी तो दुसरीकडे कॉपी करा.
२. स्टार्टमध्ये ‘स्टोरेज स्पेसेस’ शोधून उघडा.
३. नवीन पूल तयार करायचा पर्याय निवडा आणि दोन्ही डिस्कवर टिक करा.
४. रेझिलियन्सी टाइपमध्ये ‘टू-वे मिरर’ निवडा. ‘सिंपल’ निवडलंत तर डिस्क बिघडल्यावर काहीच वाचणार नाही.
५. ड्राइव्हला नाव द्या आणि ‘क्रिएट’ दाबा.

झालं! पण एक लक्षात ठेवा, मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून फोटो डिलीट केलात तर तो दोन्ही डिस्कवरून जातो. व्हायरस आला तरी तेच. म्हणून महत्त्वाच्या फाइल्सची एक कॉपी वेगळ्या एक्स्टर्नल डिस्कवर ठेवा आणि ती डिस्क एरवी काढून ठेवा.

लग्नाचे थोडे फोटो नंतर मावसभावाच्या फोनमध्ये सापडले. बाकीचे गेले ते गेलेच.