मागच्या पायाची तक्रार
बर्फावरचे दिवस : लेखांक ५

गुलमर्गमधल्या माझ्या पहिल्या संध्याकाळी खोलीत बुखारी पेटली होती, आणि तिच्याइतकीच माझी उजवी मांडी. दिवसभरात उतरलो असेन जेमतेम पाच उतार, तरी हॉटेलचा जिना चढताना स्नोबोर्डावर मागे असणारा हा पाय उचलेना. बरोबरच्यांनी माझ्या तब्येतीला बोल लावला, मीही लावला. दोष होता भाड्याने आणलेल्या बोर्डाचा. नीट सांगायचं तर, त्याचा रंग बघून तो उचलणाऱ्या माझा.

ताजा बर्फ येतो कसा, ते गेल्या आठवड्यात पाहिलं : पश्चिमी विक्षोभ, २१ डिसेंबरपासूनचा चाळीस दिवसांचा कडाक्याच्या थंडीचा काळ चिल्लई कलान, आणि गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा जिथे सोडतो तो जवळजवळ ४००० मीटरवरचा अफरवटचा खांदा. आता त्या मांडीभर बर्फात काय पायात घालून उतरायचं, ते बघू.

नुकत्याच पडलेल्या कोरड्या बर्फाचं वजन घनमीटरला ५० ते १०० किलो भरतं. पाण्याचं भरतं १००० किलो. म्हणजे समोर दिसतो तो पांढरा ढीग नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त हवाच असतो. बोर्ड काढून त्यात पाय टाकला, तर माणूस कमरेपर्यंत आत जातो. बोर्डावर तोच माणूस तरतो, कारण बोर्डाचं क्षेत्रफळ दोन बुटांच्या तळव्यांच्या सहा-सात पट असतं. पण क्षेत्रफळ ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी आहे वेग आणि वर उचललेलं नाक.

भातलावणीआधी खाचरातला चिखल सारखा करायला बैलांमागच्या फळीवर उभा राहिलेला शेतकरी ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. तो पुढे झुकला की फळीची धार चिखलात घुसते. भार मागे घेतला की फळी वरून सरकते. बर्फातही तसंच. बोर्डाचं टोक बुडालं की बोर्ड जागीच थांबतो आणि आपण पुढे जातो, डोक्यावर.

माझ्या भाड्याच्या बोर्डाची दोन्ही टोकं सारखी होती आणि पाय बरोबर मध्यावर. उड्या मारायला आणि उलटं घसरायला असा बोर्ड उत्तम. खोल बर्फात मात्र त्याचं नाक वर ठेवायचं काम माणसाला करावं लागतं, तेही सतत मागच्या पायावर बसून. दुखणारी मांडी म्हणजे त्या कामाची मजुरी. पावडरचा, म्हणजे ताज्या कोरड्या बर्फासाठीचा, बोर्ड हेच काम स्वतःच्या अंगावर घेतो. तेवढ्यासाठी त्यात तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, पायांची जागा. ती मध्यापासून दोन ते पाच सेंटीमीटर शेपटीकडे सरकलेली हवी, म्हणजे पुढचा भाग आपोआप लांब होतो. दुसरी, आकार. नाक रुंद आणि शेपूट त्याहून एक-दोन सेंटीमीटर अरुंद असली की शेपूट बुडते, नाक तरंगतं. तिसरी, बाक. पायांखाली कमान असू द्या, कारण सकाळच्या टणक पट्ट्यावर कडा धरायला तीच लागते. नाक मात्र लवकर वर वळायला सुरुवात झालेलं हवं.

हा आकार नवा नाही. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या, त्यातून ‘स्नर्फर’ आला. नावात स्नो आणि सर्फर दोन्ही. सत्तरच्या दशकात यूटामध्ये दिमित्रिये मिलोविच यांनी ‘विंटरस्टिक’ बोर्डांना पाकोळीसारखी दुभंगलेली शेपूट दिली, तीही खोल बर्फासाठीच. सारख्या टोकांचे बोर्ड पुढे उड्यांच्या मैदानांबरोबर फोफावले. दुकानात आज ‘पावडर शेप’ म्हणून जे मिळतं, ते घराण्यातलं थोरलं पोर आहे.

लांबी ठरवताना उंचीपेक्षा वजन बघा. प्रत्येक लांबीला किती वजनाचा माणूस चालतो, याचा तक्ता कंपनी देते. त्यात स्वतःला मोजताना पाठीवरची पिशवी, पाणी, फावडं, भिजलेलं जाकीट धरा. सहा-सात किलो सहज वाढतात. तक्त्याच्या वरच्या टोकाला येत असाल, तर एक माप लांब घ्या. लांब बोर्ड झाडांमधून वळवायला जड वाटत असेल, तर आखूड पण रुंद बोर्ड मिळतात. नेहमीच्यापेक्षा पाचेक सेंटीमीटर कमी लांबी, आणि कमी झालेलं क्षेत्रफळ रुंदीत भरून काढलेलं. गुलमर्गच्या झाडांमध्ये ते मजा आणतात. टणक बर्फावर मात्र एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला तेच आळस करतात.

नवा बोर्ड घ्यायची ऐपत किंवा इच्छा नसेल, तर? त्या रात्री मी केलं ते करा. खालच्या काउंटरवरून तीन नंबरचा चौफुली पेचकस मागून आणला, बोर्ड पलंगावर आडवा टाकला आणि दोन्ही बाइंडिंग, म्हणजे बूट जखडणारे सांगाडे, एकेक भोक मागे घेतली. बहुतेक बोर्डांवर दोन भोकांमधलं अंतर दोन सेंटीमीटर असतं. मागच्या पायाचा कोन बदकासारखा उणे पंधरावर होता, तो शून्यावर आणला, पुढचा अठरावर. मागच्या पायाची बोटं थोडी खाली जायच्या दिशेला वळली की गुडघा पिळवटत नाही. पेच घट्ट करायच्या आधी बैठकीत चिकटलेला बर्फ कापडाने पुसला. तो राहिला तर सकाळी बाइंडिंग डगमगतं. दहा मिनिटांचं काम, आणि फुकट.

आता ज्याचा विसर सगळ्यांना पडतो ते : परत यायचं कसं? अफरवटवरून बाबा रेशी किंवा तंगमर्गच्या बाजूला उतरणाऱ्या जंगलवाटा खाली सपाट होत जातात. स्कीवाला काठ्या मारत निघून जातो. बोर्डवाला वेग गमावला की एक पाय सोडून कमरभर बर्फात ढकलगाडी. म्हणून घडीच्या काठ्यांची जोडी पिशवीत असू द्या, आणि खालच्या तापमानाला साजेसं मेण तळाला चोळून घ्या. दुपारी खालचा बर्फ ओला होतो, तळाला धरून ठेवतो.

आणि जे बोर्डाला जोडलेलं नाही पण जोडणीचाच भाग आहे, ते : बर्फात गाडल्या गेलेल्याचा ठावठिकाणा सांगणारा, ४५७ किलोहर्ट्झवर बोलणारा ट्रान्सीव्हर, शोधकाठी, फावडं. गोंडोलाखालचा देखरेखीतला उतार सोडला की पुढे कोसळणाऱ्या हिमकड्यांचं राज्य आहे. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर मोठी आशा असते. पुढे ती झपाट्याने ओसरते. इतक्या वेळात खालून मदत पोचत नाही, पोचतो तो बरोबरचाच. तेव्हा ही तीन साधनं प्रत्येकाकडे हवीत, आणि वापरून पाहिलेली हवीत. मोबाइल ट्रान्सीव्हरपासून निदान वीस सेंटीमीटर लांब ठेवा, शोधताना पन्नास.

दुसऱ्या दिवशी त्याच बोर्डावर आठ उतार उतरलो. संध्याकाळी जिना चढलो तेव्हा दोन्ही मांड्या दुखत होत्या, पण सारख्या. तेव्हापासून कुणी बोर्ड कसा आहे विचारलं, की मी आधी विचारतो, काल कुठला पाय दुखला?

पुढच्या आठवड्यात : बुटांची लेस आणि थंड बोटं.