अणूची रेषा आणि अर्भकाची फुप्फुसे

दक्षिण स्वीडनमधल्या स्कोने प्रांतातले लुंड हे विद्यापीठाचे गाव. कॅथेड्रल बाराव्या शतकातले, विद्यापीठ १६६६चे. अलीकडे गावाच्या कडेला मॅक्स-४ हा सिंक्रोट्रॉन उभा राहिला, त्याच्या शेजारी न्यूट्रॉन संशोधनाचा अवाढव्य युरोपीय प्रकल्प आकाराला येतो आहे, आणि पाहुण्यांचे कॅमेरे साहजिकच तिकडे वळतात. लुंड लेसर सेंटरला असा दर्शनी भाग नाही. १९९५मध्ये स्थापन झालेले हे केंद्र एका इमारतीत मावतही नाही. अणुभौतिकी, ज्वलनभौतिकी, रासायनिक भौतिकी हे विद्यापीठातले विभाग आणि विद्यापीठाच्या रुग्णालयातले डॉक्टर यांनी मिळून चालवलेला तो कारभार आहे. लेसरलॅब-युरोप या जाळ्यामार्फत बाहेरचे संशोधकही इथे येऊन प्रयोग करतात. अशा केंद्राची ओळख करून देताना लेसरच्या समाजोपयोगी वापरांची यादी देण्याची रीत आहे. ती यादी लुंडच्या बाबतीत दिशाभूल करते. आरोग्य आणि पर्यावरण यांवरचे इथले काम म्हणजे मूलभूत विज्ञानाने फावल्या वेळात केलेली समाजसेवा नव्हे. अणुरेणूंच्या वर्णपटाचा जुना, वरवर पाहता निरुपयोगी अभ्यास नेटाने पुढे नेला म्हणूनच ते काम उभे राहिले.

प्रत्येक अणू ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश शोषतो किंवा सोडतो. वर्णपटातल्या या रेषा सूत्रात बसवण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यान्ने रिडबर्ग यांनी लुंडमध्येच केले होते. १९८०मध्ये सुने स्वानबर्ग इथे प्राध्यापक झाले तेही याच विषयाचे अभ्यासक म्हणून. पाऱ्याची वाफ हवेत सुट्या अणूंच्या रूपात असते आणि अतिनील पट्ट्यात २५४ नॅनोमीटरच्या आसपास ती प्रकाश फार जोरात शोषते, हे अणुभौतिकीच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासून ठाऊक असते. स्वानबर्ग यांच्या गटाने ही रेषा ट्रकवर चढवली. लेसरचा स्पंद हवेत सोडायचा, धूलिकणांवरून आणि रेणूंवरून परतणारा प्रकाश दुर्बिणीने टिपायचा, परतीच्या वेळेवरून अंतर काढायचे: या तंत्राला लिडार म्हणतात. एक स्पंद नेमका रेषेवर, पुढचा रेषेच्या किंचित बाजूला. दोन्हींच्या परतीतला फरक म्हणजे वाटेतला पारा. स्पेनमधले अल्मादेन आणि स्लोव्हेनियातले इद्रिया या पाऱ्याच्या ऐतिहासिक खाणींच्या परिसरात हे मोजमाप झाले. एटना आणि स्ट्रॉम्बोली या ज्वालामुखींच्या धुराखालून जहाज नेऊन त्यातला सल्फर डायऑक्साइडही अशाच प्रकाशीय पद्धतींनी मोजला गेला. दर तासाला किती वायू बाहेर पडतो हे सांगायचे तर मोजलेल्या प्रमाणाला वाऱ्याच्या वेगाने गुणावे लागते, आणि एवढ्या नाजूक यंत्रणेतला सर्वांत ढोबळ आकडा बहुधा वाऱ्याचाच असतो.

या विचारसरणीचे सर्वांत सुंदर फळ २००१मध्ये मांडलेल्या एका पद्धतीत दिसते. घन आणि द्रव पदार्थ प्रकाश शोषतात तो रुंद, पसरट पट्ट्यांत. मोकळ्या वायूच्या रेषा मात्र त्याहून सुमारे दहा हजार पट अरुंद असतात. म्हणजे लाकूड, फळ किंवा शरीर यांच्या आत अडकलेला वायू ओळखायला आतला प्रकाश सरळ रेषेत जाण्याची गरजच नाही. तो वाटेल तसा भरकटू दे, बाहेर आल्यावर ७६० नॅनोमीटरजवळ अतिसूक्ष्म खाच दिसली की आत ऑक्सिजन आहे. अडचण एवढीच की भरकटलेला प्रकाश वायूतून किती अंतर चालला ते कळत नाही, आणि ते कळल्याखेरीज प्रमाण काढता येत नाही. लुंडकरांनी इथे पाण्याची वाफ मदतीला घेतली. ओलसर ऊतींमधल्या पोकळीत हवा बाष्पाने संपृक्त असते, त्यामुळे तापमान कळले की बाष्पाचे प्रमाण कळते. बाष्पाच्या रेषेवरून प्रकाशाच्या वाटेचा अंदाज बांधून मग ऑक्सिजनचा हिशेब मांडायचा. चेहऱ्याच्या हाडांतल्या सायनसच्या पोकळ्या या रीतीने तपासल्या गेल्या, नवजात बालकांच्या फुप्फुसांवर चाचण्या झाल्या. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा पुन्हापुन्हा एक्स-रे काढण्याऐवजी छातीवर मंद प्रकाश टेकवायचा, ही कल्पना कोणाही नवजातशिशुतज्ज्ञाला मोह पाडील अशीच आहे.

यावर पहिला आक्षेप डॉक्टरच घेतील: मग हे उपकरण प्रत्येक प्रसूतिगृहात का नाही? आक्षेप खरा आहे. सुने यांच्या पत्नी, कर्करोगतज्ज्ञ कातारिना स्वानबर्ग यांनी केलेले प्रकाशोपचाराचे कामही याच कसोटीवर तपासावे लागते. त्वचेवर अमिनोलेव्हुलिनिक आम्लाचे मलम लावले की रोगट पेशींत एक पॉर्फिरिन साठते. जांभळ्या प्रकाशात ते लाल चमकून गाठीची हद्द दाखवते आणि लाल प्रकाशात ऑक्सिजनला उत्तेजित करून त्या पेशी मारते. त्वचेच्या पातळ गाठींसाठी हा उपचार अनेक देशांत रुळला, पण लाल प्रकाश शरीरात काही मिलिमीटरच पुरतो. प्रोस्टेटसारख्या खोल जागी बारीक तंतू खुपसून प्रकाश न्यायची लुंडमधली पद्धत कंपनी स्थापन होऊन कित्येक वर्षे लोटली तरी चाचण्यांच्या टप्प्यातच रेंगाळली. मात्र या दिरंगाईचे खापर संशोधकांच्या धरसोडीवर फोडता येणार नाही. अणूची रेषा जगभर सारखीच असते, शरीर दर रुग्णागणिक बदलते. प्रकाशाची मात्रा ठरवायला वेळ लागतो आणि लागायलाही हवा. शिवाय बाजार काही डॉक्टरांसाठी थांबला नाही. बंद पाकिटात किंवा औषधाच्या कुपीत ऑक्सिजन शिरला आहे का, हे न फोडता तपासण्यासाठी तीच वायुरेषांची पद्धत घेऊन लुंडमध्ये दुसरी कंपनी निघाली.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. केंद्राला खरी कीर्ती मिळाली ती २०२३च्या नोबेलने, आणि ते ॲन लुईलिए यांना मिळाले अ‍ॅटोसेकंद, म्हणजे अतिसूक्ष्म काळाच्या, प्रकाशस्पंदांसाठी. त्यात ना रुग्ण ना प्रदूषण. मग बाकीचे काम शोभेपुरतेच नाही का? लुईलिए लुंडला आल्या कशा, ते पाहिले की उत्तर मिळते. पॅरिसजवळच्या साक्ले इथे १९८७मध्ये त्यांनी निष्क्रिय वायूतून अवरक्त लेसर सोडून अनेक अधिस्वर, म्हणजे मूळ प्रकाशाच्या कंप्रतेच्या पटीतले प्रकाश, मिळवले होते; पुढचे अतिलघु स्पंद त्यांवरच उभे राहिले. १९९२मध्ये त्या लुंडला प्रयोगासाठी आल्या, कारण फेमटोसेकंद स्पंद देणारा युरोपातल्या पहिल्या काही टायटेनियम-सफायर लेसरांपैकी एक इथे बसवलेला होता. तो बसवणारा अणुभौतिकी विभाग म्हणजे पाऱ्याच्या मागे ट्रक पिटाळणारा आणि गाठींवर प्रकाश टाकणारा तोच विभाग. एकाच छपराखाली दोन्ही नसते तर एवढे महागडे यंत्र एका लहान गावातल्या विभागाच्या पदरात पडले असते का, याची मला शंका आहे.

श्रीमंत देशाचा षौक, हा तिसरा आक्षेप. त्याला मिकेल ब्रुडेगोर यांच्या कामाने परस्पर उत्तर दिले आहे. जुन्या छायाचित्रकारांचे एक तत्त्व असे की कॅमेऱ्यातली फिल्म तिरकी ठेवली तर जवळचे आणि लांबचे एकाच वेळी स्पष्ट दिसते. ते वापरून त्यांच्या गटाने स्वस्त डायोड लेसरवर चालणारा लिडार बनवला. किरणातून उडून जाणारा कीटक सेकंदाला किती वेळा पंख हलवतो, एवढे त्याला कळते. सप्टेंबर २०१६च्या कंकणाकृती सूर्यग्रहणाच्या वेळी टांझानियातल्या एका गावाजवळ मलेरियाच्या डासांची हालचाल या तंत्राने टिपली गेली. तो अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला.

खरा कच्चा दुवा वेगळाच आहे. इमारत नसलेले केंद्र माणसांवर उभे असते आणि माणसे जातात. स्वानबर्ग दांपत्याने चीनमध्ये ग्वांगचौला नवा गट उभारला, तिथे भातशेतीतल्या किडींवर लिडार चालू लागला. प्रकाशवैद्यकातले त्यांचे सहकारी स्टेफान अँडरसन-एंगेल्स आयर्लंडच्या कॉर्कला गेले आणि बालकांच्या फुप्फुसांचे काम त्यांच्यासोबत तिथेही पोहोचले. लुंडमध्ये उरले आहेत ते मुख्यतः कीटक, ज्वाळा आणि अ‍ॅटोसेकंद.