छोट्या हत्तीच्या पोटात दोनच सिलिंडर का?

सकाळी पुण्यातल्या वारज्याच्या उड्डाणपुलाखाली फुटपाथवर थांबलात तर नुसते कान द्या. भाजीचे क्रेट, पाण्याचे जार, सिमेंटची पोती घेऊन टेम्पो चाललेले असतात. एक जातो टक्‌टक्‌ टक्‌टक्‌ करत, दुसरा घुर्रर्र करत. दोघांचंही इंधन डिझेलच, मग आवाज इतका वेगळा का?

त्यासाठी इंजिनाच्या आत डोकवावं लागेल. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक गरम होतं ना? हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनात सिलिंडर नावाच्या नळकांड्यात वर-खाली सरकणारा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, हवेला अगदी विसाव्या हिश्शापर्यंत दाबतो आणि ती 500 अंश सेल्सिअसच्याही वर जाते! तिच्यात डिझेलचा बारीक फवारा उडाला की आपोआप भडका. ठिणगीची गरजच नाही. त्या भडक्याने पिस्टन खाली ढकलला जातो आणि त्याला जोडलेला वाकडा दांडा, म्हणजे क्रँक, फिरतो.

पण गंमत पुढे आहे. हवा आत घेणं, दाबणं, भडका, धूर बाहेर टाकणं, एवढं सगळं होईपर्यंत क्रँकच्या दोन फेऱ्या होतात. म्हणजे एका सिलिंडरकडून दोन फेऱ्यांत धक्का एकच! मधल्या वेळात फ्लायव्हील नावाचं जड चाक क्रँकला फिरतं ठेवतं. चार सिलिंडर असतील तर दर अर्ध्या फेरीला एक धक्का मिळतो, म्हणून तो घुर्रर्र आवाज. सिलिंडर कमी असले की धक्के सुटेसुटे, म्हणून टक्‌टक्‌.

मग सगळ्यांनाच चार का देत नाहीत? कारण प्रत्येक सिलिंडरबरोबर पिस्टन, झडपा, वजन आणि किंमत वाढते.

हाच हिशेब आपल्या पुण्यात टाटा मोटर्सच्या गिरीश वाघ यांच्या चमूपुढे होता. त्यांना हवा होता तीनचाकी टेम्पोवाल्याला परवडेल असा, 750 किलो माल नेणारा चारचाकी. त्यांच्याकडे 1998 साली आलेल्या इंडिका गाडीचं चार सिलिंडरचं, 1405 सीसीचं (म्हणजे सिलिंडरांत पिस्टन सरकायची जागा एकूण 1405 घन सेंटिमीटर) डिझेल इंजिन तयार होतं. त्यांनी ते चक्क अर्धं केलं! 1405 भागिले 2 करून बघा. 2005 मध्ये आलेल्या टाटा एसचं इंजिन 702 सीसीचं होतं. सिलिंडरची रुंदी तीच, 75 मिलिमीटर. ताकद जेमतेम 16 अश्वशक्ती, पण गल्लीबोळात माल पोचवायला तेवढी पुरते. मला हा निर्णय फार हुशारीचा वाटतो. लोकांनी त्या टेम्पोला लाडाने नाव दिलं, छोटा हत्ती.

दोन सिलिंडरची अडचण म्हणजे थरथर. दोन्ही पिस्टन एकदम वर-खाली केले तर धक्के समान अंतराने मिळतात, पण इंजिन उड्या मारतं. एक वर, एक खाली ठेवला तर उड्या कमी होतात, पण धक्के वेडेवाकडे पडतात. दोन्ही सुखं एकदम नाहीत! चार सिलिंडरमध्ये दोन वर, दोन खाली, शिवाय धक्केही समान अंतराने.

म्हणून ज्याचं त्याचं गणित निराळं. महिंद्राच्या जीतो टेम्पोने 2015 मध्ये एकाच सिलिंडरवर भागवलं. अशोक लेलँडच्या दोस्तने तीन घेतले. टनापेक्षा जास्त माल ओढणाऱ्या बोलेरो पिकअपला चार लागतात. अमेरिकेतल्या काही थोराड पिकअपला तर सहा! तिथे वाद सिलिंडरच्या मांडणीचा. फोर्डने 2018 मध्ये सहा सिलिंडर इंग्रजी व्ही अक्षरासारखे तिरपे, तीन-तीनच्या दोन ओळींत बसवले, त्यामुळे इंजिन आखूड झालं. जनरल मोटर्सने त्यानंतर सहाही एका रांगेत ठेवले. असं इंजिन लांबलचक होतं, पण त्यात पिस्टनचे झटके एकमेकांना इतके छान खोडतात की थरथर जवळजवळ उरतच नाही.

छोट्या हत्तीचं इंजिन असतं पुढच्या सीटखाली. ओळखीच्या टेम्पोवाल्या काकांना, गाडी बंद आणि इंजिन गार असताना, सीट उचलून दाखवायला सांगा. आणि 'काका, किती सिलिंडर?' हे विचारायला विसरू नका!