बी.लिब.च्या वर्गात नेमकं काय शिकवतात

कुठल्याही शाखेची पदवी हातात असली की ग्रंथालय व माहितीशास्त्राला प्रवेश घेता येतो. पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, एसएनडीटी अशा आपल्या सार्वजनिक विद्यापीठांत हा विषय शिकवतात. नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. वर्षभराचं बी.लिब. आणि पुढे वर्षभराचं एम.लिब. ही जुनी घडी. आता काही ठिकाणी दोन वर्षांचा सलग अभ्यासक्रमही असतो. प्रवेश घेणाऱ्याला घरचे हमखास विचारतात, “पुस्तकं लावायला शिकायचं काय त्यात?” पुस्तक कपाटात ठेवण्याआधी जे ठरवावं लागतं, तेच तर शिकायचं.

जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहिलेला ‘शेतकऱ्याचा असूड’ घ्या. नवा विद्यार्थी नाव वाचतो आणि ड्यूई दशांश वर्गीकरणातल्या ६३० या आकड्याकडे, म्हणजे शेतीकडे, वळतो. मग शिक्षक त्याला अनुक्रमणिका आणि उपोद्घात वाचायला लावतात. पुस्तक पेरणी-कापणीचं नाही. शेतकरी कसा नाडला गेला, कोणी नाडला, याचं आहे. त्याची जागा ३०५ च्या आसपास, समाजातल्या गटांच्या अभ्यासात. शेतीच्या कपाटात ते गेलं तर जातिव्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्या मुलीला ते तिथे दिसणारच नाही. शीर्षकावर विसंबायचं नाही, हा वर्गीकरणाचा पहिला धडा. कोणी कधी ते पुस्तक शोधायला येईल आणि तेव्हा ग्रंथपाल शेजारी नसेल, हे धरूनच आकडा द्यायचा असतो.

मेल्विल ड्यूईने ही पद्धत १८७६ मध्ये प्रसिद्ध केली. सगळ्या ज्ञानाचे दहा वर्ग, प्रत्येकाचे पुन्हा दहा, असं ते खाली उतरत जातं. प्रात्यक्षिकाच्या तासाला मराठी कादंबरीचा वर्गांक तयार करून बघा. ८०० म्हणजे साहित्य. ८९० मध्ये युरोपातल्या ठरावीक भाषा सोडून बाकीच्या सगळ्या. ८९१.४ वर भारतातल्या आधुनिक आर्यभाषा, ८९१.४६ वर मराठी आणि ८९१.४६३ वर मराठी कथा-कादंबरी. इंग्रजी साहित्याला ८२० चा अख्खा वर्ग मिळतो. मराठीला दशांशचिन्ह ओलांडून जावं लागतं. आकडे देणारा माणूस कुठे बसून जगाकडे बघत होता, ते या मांडणीत स्पष्ट दिसतं. प्रत्येक विद्यार्थ्याने हा वर्गांक एकदा तरी स्वतः बांधावा असं मला मनापासून वाटतं, कारण वर्गीकरण निःपक्ष नसतं हे व्याख्यानातून जेवढं कळत नाही तेवढं या एका आकड्यातून कळतं.

डॉ. एस. आर. रंगनाथन हे मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३३ मध्ये त्यांचं द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध झालं. तयार आकड्यांच्या यादीत विषय कोंबण्याऐवजी त्यांनी विषयच उलगडायला शिकवलं. ‘१९५० च्या दशकात भारतात फुफ्फुसाच्या क्षयरोगाच्या उपचारांवर झालेलं संशोधन’ असं पुस्तक समोर आलं, तर प्रश्न विचारत जायचं. शास्त्र कोणतं? वैद्यक. अवयव कोणता? फुफ्फुस. त्याला काय झालंय? क्षय. त्यावर काय क्रिया? उपचार. कुठे? भारतात. कधी? त्या दशकात. प्रत्येक उत्तराला चिन्ह असतं, ती चिन्हं स्वल्पविराम, अर्धविराम, द्विबिंदू अशा विरामचिन्हांनी जोडली की वर्गांक तयार. काल नव्याने जन्मलेला विषयही असा बांधता येतो. आज भारतात बहुतेक ग्रंथालयं ड्यूईच वापरतात, द्विबिंदू फार थोडी. तरी विद्यापीठं ती शिकवतात आणि ते योग्यच आहे. ऑनलाइन दुकानात किंमत, रंग, कंपनी अशा चाळण्या लावून आपण वस्तू शोधतो, त्यामागे हेच पैलू पाडण्याचं तर्कशास्त्र आहे.

वर्गीकरणाच्या जोडीला तालिकीकरण, म्हणजे पुस्तकाची नोंद तयार करणं. इथे मराठी नावं परीक्षा बघतात. कविता कुसुमाग्रजांच्या, ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकरांचं, माणूस एकच. नोंद कोणत्या नावाने करायची? आंग्ल-अमेरिकन तालिकीकरण नियमांनुसार लेखक वेगवेगळ्या प्रकारच्या लेखनासाठी वेगवेगळी नावं वापरत असेल तर दोन्ही नावं स्वतंत्र ठेवून त्यांना ‘हेही पाहा’ने जोडता येतं. गोविंदाग्रज आणि राम गणेश गडकरी यांचंही तसंच. ज्ञानेश्वरांना आडनावाखाली शोधायला कोणी जात नाही. त्यातच रोमन लिपीत एकेका आडनावाची तीन-तीन स्पेलिंगं. कुठलं तरी एक रूप प्रमाण ठरवून बाकीची त्याला बांधली नाहीत, तर एका लेखकाचे संगणकात चार लेखक होतात. संगणकावर ही माहिती ‘मार्क २१’ नावाच्या साच्यात भरतात: १०० व्या रकान्यात लेखक, २४५ व्यात शीर्षक, ६५० व्यात विषय. हे आकडे मुलं पाढ्यांसारखे म्हणू लागतात. पुढे ‘कोहा’ येतं, न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयात २००० साली वापरात आलेली, ग्रंथालयाचं काम सांभाळणारी मुक्त प्रणाली. किंवा गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची ‘सोल’.

माहिती शोधण्याच्या शास्त्रात दोन मोजमापं शिकवतात. जेवढं हवं होतं त्यातलं किती हाती आलं, हे एक. जे हाती आलं त्यातलं किती कामाचं होतं, हे दुसरं. एक वाढवायला गेलं की बहुधा दुसरं घटतं. इन्फ्लिबनेटच्याच ‘शोधगंगा’वर, जिथे भारतीय विद्यापीठांचे प्रबंध ठेवलेले असतात, ‘पाणी’ एवढंच टाका आणि मग ‘मराठवाडा’, ‘सिंचन’, ‘सहकार’ एकेक जोडत बघा. यादी आखडत जाते, नेमकी होत जाते, आणि शीर्षकात ‘सिंचन’ऐवजी ‘जलव्यवस्थापन’ लिहिणारा चांगला प्रबंध गुपचूप गळतो. समानार्थी शब्दांचे कोश विषयवार बांधून ठेवावे लागतात ते यासाठीच.

आणि संदर्भसेवा. कोणी काउंटरवर येऊन “शेतीवर काही आहे का?” म्हणतो, तेव्हा त्याला बहुतेकदा ठिबकच्या अनुदानाचा शासननिर्णय हवा असतो. दोन-तीन साध्या प्रश्नांत, त्याला अवघडल्यासारखं न करता, तिथवर पोचायचं. हे पुस्तकातून येत नाही.

महाविद्यालयात ग्रंथपाल व्हायचं तर एम.लिब.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट लागते. राज्याच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली चालणाऱ्या गावोगावच्या ‘अ’ ते ‘ड’ वर्गांच्या सार्वजनिक ग्रंथालयांतही प्रशिक्षित माणूस हवा असतो, पण तिथलं मानधन तुटपुंजं आहे, आणि शिकून आलेली माणसं तिथून निघून जातात. प्रवेश घेण्यापूर्वी विभागात जाऊन एवढं विचारा: ड्यूईचे चारही खंड विद्यार्थ्यांच्या हाताला लागतात का, कोहा स्वतः बसवून बघायला मिळतं का, आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात काउंटरवर किती आठवडे बसवतात.